उशिरा उत्तर देणारं झाड

बोन्साय शिकू पाहणाऱ्याच्या हाती पहिलं झाड म्हणून ज्युनिपर देण्याची रीत जगभर रुळली आहे, आणि त्यामागची कारणं वरवरची नाहीत. ज्युनिपरच्या फांद्या लवचिक असतात, तारेने वळवल्या तर चटकन मोडत नाहीत. पानं मुळातच इतकी बारीक की वीतभर रोपातही मोठ्या वृक्षाचं प्रमाण साधता येतं. झाड बारा महिने हिरवं. बागेत वाफ्याच्या कडेला लावण्यासाठी वाढवलेलं रोप नर्सरीत थोडक्या पैशांत मिळतं. आणि सगळ्यांत मोठं आकर्षण हे की एका दुपारच्या कामात तेच रोप कड्यावर शे-दीडशे वर्षं वारा खात उभ्या राहिलेल्या झाडासारखं दिसू लागतं. वड, उंबर किंवा चिंच यांच्याकडून असं रूप मिळवायला कित्येक वर्षं थांबावं लागतं. हे सगळं खरं असूनही ‘नवशिक्यांचं झाड’ हे बिरुद मला अर्धवट वाटतं. ज्युनिपर माणसाचं म्हणणं लगेच ऐकतो, पण स्वतःचं म्हणणं फार उशिरा सांगतो. या दोन वेळांमधलं अंतर न ओळखल्यामुळेच हौशी माणसांचे पहिले ज्युनिपर मरतात. म्हणून पहिल्या बैठकीत त्याला आकार कसा द्यायचा यापेक्षा कुठे थांबायचं, हा प्रश्न मी आधी घेतो. पुढची सगळी प्रकरणं याच क्रमाने लिहिली आहेत, आणि हा क्रम का धरला ते इथे मांडायचं आहे.

आधी हा उशीर म्हणजे काय ते पाहू. ज्युनिपरची फांदी कापून नुसती ठेवून दिली तरी ती पुष्कळ दिवस हिरवी दिसते, थंड हवेत तर कित्येक आठवडे. त्याचं पान खवल्यासारखं फांदीला चिकटलेलं किंवा सुईसारखं असतं, त्यावर मेणाचा जाड थर असतो आणि त्यातून पाणी फार सावकाश उडतं. त्याच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्याही विलक्षण चिवट आहेत. इतर झाडांत ज्या ताणाला पाण्याची धार तुटून नळीत हवा शिरते, तो ताण ज्युनिपर सोसतो. २००२ आणि २००३ साली अमेरिकेच्या नैऋत्य भागात, न्यू मेक्सिको आणि शेजारच्या राज्यांत, भीषण दुष्काळ पडला. त्या माळांवर पिन्यन पाइन आणि ज्युनिपर शेजारी-शेजारी वाढतात. पाइन मोठ्या संख्येने वाळून गेले, ज्युनिपर बहुतांशी टिकले. संशोधकांनी दिलेल्या कारणांपैकी एक असं की, पाणी कमी पडू लागताच पाइन आपली पर्णरंध्रं मिटून घेतो, तर ज्युनिपर ती बराच काळ उघडी ठेवून काम चालू ठेवतो. डोंगरावर हा गुण त्याला तारतो. कुंडीत मात्र तो माळ्याला अंधारात ठेवतो. मुळं सडली, कोरडी पडली किंवा अती छाटली गेली तरी पानांचा रंग आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. मग एक दिवस हिरव्यात राखाडी छटा येते, पानांची तकाकी जाते, बोट लावलं तर कोरडं लागतं, आणि त्यानंतर झाड तांबूस पडतं. तोवर झाड मरून महिना-दीड महिना झालेला असतो. अमेरिकेत दुकानांतून छोट्या चौकोनी कुंडीत, वर खडे गोंदाने चिकटवून विकले जाणारे ज्युनिपर कित्येकदा विकले जातानाच मेलेले असतात. घेणारा घरी नेऊन पाणी घालत राहतो आणि शेवटी आपल्याच हातून चूक झाली असं समजतो.

दुसरी गोष्ट त्याच्या ताकदीच्या जागेची. वडाच्या जातीचं झाड आपला साठा खोडात आणि मुळांत राखून असतं. वडाची फांदी पूर्ण निष्पर्ण केली, बुंधा अर्ध्यावर कापला, तरी पंधरा-वीस दिवसांत जुन्या सालीतून लाल-हिरवे डोळे फुटू लागतात. ज्युनिपरची ताकद पुष्कळशी त्याच्या हिरव्या भागात असते, आणि ज्या फांदीवर हिरवं उरलेलं नाही त्या उघड्या लाकडातून त्याला सहसा फुटवा येत नाही. छाटणीतली चूक वड भरून काढतो, ज्युनिपर नाही. म्हणून त्याच्यासमोर कातरी घेऊन बसणाऱ्याने ‘काय काढू?’ असं विचारण्याआधी ‘काय ठेवू?’ असं विचारायला हवं. नेहमीची चूक फांदीच्या आतल्या बाजूला होते. खोडाजवळची बारकी, अशक्त दिसणारी हिरवी टोकं कचरा समजून खुडली जातात, कारण ती काढली की फांदीची रेषा स्वच्छ दिसते. शेवटी लांब उघडी काठी आणि तिच्या टोकाला हिरवा झुपका, एवढंच उरतं. त्या दिवशी ते शोभून दिसतं. पण दोन वर्षांनी झुपका आणखी पुढे सरकलेला असतो, फांदी आखूड करायला आत काहीच उरलेलं नसतं, आणि मग ती आहे तशी सोसायची किंवा मुळापासून काढायची, हे दोनच मार्ग राहतात. आज अशक्त दिसणारी ती आतली टोकं म्हणजे पाच वर्षांनंतरची फांदी असते. उजेड मिळावा म्हणून त्यांच्यावरची बाहेरची दाटी थोडी विरळ करायची आणि त्यांना हात लावायचा नाही, ही मला ज्युनिपरच्या छाटणीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

या बाबतीत जुन्या पुस्तकांनी थोडा घोळही घालून ठेवला आहे. कित्येक वर्षं असं शिकवलं जाई की ज्युनिपरची वाढती टोकं बोटांच्या चिमटीत धरून सतत खुडत राहावीत, म्हणजे पालवी दाट आणि गोल होते. दाट ती होते, यात शंका नाही. पण वाढतं टोक मुळांना चालना देतं, आणि सगळीच टोकं हंगामभर खुडली तर मुळांची वाढ मंदावून झाड आतून क्षीण होतं. म्हणून आता बहुतेक जाणकार टोकं मोकळी वाढू देतात. आकाराबाहेर गेलेला शेंडाच तेवढा कातरीने खाली, जिथून तो फुटला त्या जागी कापतात आणि बाकीचं सोडून देतात. खवल्यांसारख्या पानांच्या जातींमध्ये अती छाटणीची पावतीही मिळते. झाड पुन्हा काटेरी, सुईसारखी बाळपानं काढू लागतं, आणि ती जाऊन नेहमीची पानं यायला दोन-दोन वर्षं लागतात. इथेही तोच उशीर. हाताने एका तासात केलेल्या कामाला झाड पुढच्या हंगामात उत्तर देतं.

मुळांकडे वळलो की विषय अधिक रंगतो, कारण ज्युनिपरचं सगळं सौंदर्य या एकाच वस्तुस्थितीतून उगवतं. त्याच्या खोडात विशिष्ट मूळ विशिष्ट फांदीला पाणी पुरवतं. पाण्याचा मार्ग खोडावरून जवळजवळ सरळ पट्ट्याने वर जातो आणि शेजारच्या पट्ट्याशी त्याची देवाणघेवाण फार थोडी असते. डोंगरावर दगड कोसळून एका बाजूचं मूळ तुटलं, तर त्या रेषेवरच्या फांद्या आणि खोडाची तेवढी पट्टी मरते. बाकीचं झाड जिवंत राहतं, मेलेल्या पट्टीची साल गळून पडते, आणि जिवंत पट्टी वर्षानुवर्षं जाड होत मेलेल्या लाकडाशेजारी दोरखंडासारखी फुगून येते. ते मेलेलं लाकूडही सहज कुजत नाही. पेन्सिल करायला एके काळी सर्रास वापरलं जाणारं सुगंधी लाकूड अमेरिकेतल्या एका ज्युनिपरचंच आहे, आणि पेन्सिल सोलताना येणारा तो वास ज्या तेलकट द्रव्यांचा, तीच किडीला आणि बुरशीला दूर ठेवतात. जपानच्या निइगाता प्रांतातल्या इतोइगावाजवळच्या चुनखडीच्या कड्यांवर अशा पिळदार, अर्ध्या मेलेल्या आणि अर्ध्या जिवंत ज्युनिपरांसाठी माणसं दोराला लोंबकळून उतरत. तिथली ती बारीक, गर्द हिरव्या पानांची झाडं ‘इतोइगावा शिंपाकु’ या नावाने आज जगभर वाढवली जातात. बोन्सायमधले ‘जिन’ आणि ‘शारी’ हे शब्द, म्हणजे सोललेली मृत फांदी आणि सोललेला मृत खोडपट्टा, कड्यावरच्या या झाडांकडे पाहूनच अर्थपूर्ण होतात. सोललेल्या लाकडाला चुना-गंधकाचं द्रावण लावून ते पांढरं आणि टिकाऊ करतात. आपल्या फळबागायतदारांना हे द्रावण बुरशीनाशक म्हणून ओळखीचं आहे.

नवशिक्यासाठी यातून एक अगदी व्यावहारिक निष्कर्ष निघतो. कुंडी बदलताना कापलेलं मूळ आणि आकार देताना कापलेली फांदी यांचा हिशोब झाडाच्या आत जुळलेला असतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. एकाच दुपारी पानं निम्मी केली, फांद्या तारेने पिळल्या, सालीचा पट्टा सोलला आणि वर मुळं कापून झाड उथळ ताटलीत बसवलं, तर नेमकी ठेवलेली फांदी आणि नेमकं कापलेलं मूळ एकाच रेषेवर निघण्याचा धोका असतो. ते कळेल दीड महिन्याने. म्हणून नियम असा: एका वर्षात एकच मोठा घाव. ज्या वर्षी छाटणी आणि तार, त्या वर्षी मुळांना हात नाही. ज्या वर्षी मुळं, त्या वर्षी पानं पूर्ण राखायची. छाटणीतही एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक एका वेळी काढू नये, हा अनुभवी लोकांचा सावध ठोकताळा पाळण्यासारखा आहे. महाराष्ट्रातल्या हवामानात याचं वेळापत्रक बसवणं अवघड नाही. पहिल्या वर्षी थंडीच्या महिन्यांत छाटणी आणि तार. पुढच्या वर्षी थंडी सरताना, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, कुंडीबदल. मधला उन्हाळा आणि पावसाळा झाडाचा.

यावरचा पहिला आक्षेप मोठ्या कलावंतांचं उदाहरण देऊन घेतला जातो. प्रात्यक्षिकांत नामवंत बोन्सायकार दोन-तीन तासांत रानटी झाडाचं रूप पालटतात आणि प्रेक्षक थक्क होतात, मग आम्हीच का थांबावं? आक्षेप रास्त आहे, पण त्या दोन-तीन तासांच्या मागेपुढे काय असतं ते पाहायला हवं. मासाहिको किमुरा यांनी मृत लाकडावर यंत्राने कोरीव काम करून ज्युनिपरची कल्पनाच बदलून टाकली. १९४० साली जन्मलेले किमुरा वयाच्या पंधराव्या वर्षी ओमियाला मोतोसुके हामानो यांच्याकडे शिकायला गेले आणि तिथे अकरा वर्षं राहिले. ओमियाचं बोन्साय-गाव १९२३च्या भूकंपानंतर टोकियोतल्या रोपवाटिका बाहेर पडून १९२५ साली वसलं. तिथे उमेदवाराची सुरुवातीची वर्षं पाणी घालण्यात आणि तण काढण्यातच जातात. प्रात्यक्षिकासाठी निवडलेलं झाड आधी काही वर्षं भरपूर वाढू दिलेलं असतं, त्याची मुळं भक्कम असतात, आणि कामानंतर ते जाणत्या हातांच्या देखरेखीखाली सावलीत विश्रांती घेतं. प्रेक्षकाला मधला तुकडा दिसतो आणि तोच तो घरी नेतो. बोन्सायकार जॉन नाका यांच्या ‘गोशिन’कडे पाहिलं तर काळाचं माप आणखी स्पष्ट होतं. फोएमिना जातीच्या अकरा ज्युनिपरांचं हे वन, त्यातलं प्रत्येक झाड नाका यांच्या एकेका नातवंडासाठी. त्यातल्या पहिल्या झाडांवर त्यांनी १९४८ साली काम सुरू केलं. झाडं एकत्र वन म्हणून लावली ती १९६४ साली, तीही सगळी नव्हे. बाकीची पुढे मिळाली, आणि १९८४ साली हे वन अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाकडे, वॉशिंग्टनला गेलं. ज्युनिपरचं कदाचित सर्वांत प्रसिद्ध बोन्साय सुरू होऊन तिथे पोहोचेपर्यंत छत्तीस वर्षं गेली होती.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो: रोप स्वस्त आहे, मेलं तर दुसरं आणू, चुकांतूनच तर शिकायचं. बोन्सायच्या इतर झाडांबाबत मला हे पुष्कळसं मान्य आहे. पण चूक शिकवते ती तिचा परिणाम चुकीच्या जवळ दिसला तर. वडाला तहान लागली तर पानं मलूल होतात, पाणी घातलं की संध्याकाळपर्यंत ताठ होतात. माणूस एका दिवसात शिकतो. ज्युनिपर दीड महिन्याने तांबूस पडतो तेव्हा मधे कुंडी बदललेली असते, औषध फवारलेलं असतं, चार दिवस गावाला जाणं झालेलं असतं, एक उन्हाची लाट येऊन गेलेली असते. यातलं कशामुळे ते मेलं, हे मेलेलं झाड सांगत नाही. ज्याच्या हातून असे चार ज्युनिपर गेले त्याच्याकडे चार धडे जमा झालेले नसतात. बहुतेक वेळा एक चुकीची समजूत मात्र पक्की होते, की आपल्याला हे झाड मानवत नाही. एका वेळी एकच मोठं काम केलं आणि मधे पुरेसा काळ जाऊ दिला, तर उत्तर उशिरा आलं तरी ते कोणत्या प्रश्नाचं आहे हे कळतं. संयमाच्या थोरवीसाठी मी हे सांगत नाही. शिकण्याची दुसरी सोय या झाडाने ठेवलेलीच नाही.

तिसऱ्या आक्षेपाला मी सर्वांत जास्त मान देतो. इतकं थांबायला सांगितलं तर नव्या माणसाचा उत्साह मावळेल, आणि उत्साहाशिवाय कोणतीच कला सुरू होत नाही. उत्साह मावळू नये हे मलाही हवं आहे, म्हणूनच पहिली बैठक भरगच्च ठेवली आहे. प्रथम वरची माती बोटांनी आणि काडीने बाजूला करत खाली जायचं. नर्सरीतल्या पिशवीत किंवा कुंडीत रोपाचा बुंधा एक-दोन इंच मातीखाली गाडलेला असतो, आणि पसरलेल्या मुळांची खरी सुरुवात सापडली की झाडाची उंची, कल, पुढची बाजू, सगळंच बदलतं. मग वाळलेली पानं आणि फांद्यांच्या बेचक्यांतला कचरा चिमट्याने काढायचा. निव्वळ एवढ्यानेही उजेड आत शिरतो. पांढरा कागद खाली धरून फांदी झटकायची आणि कागदावर हलणारे ठिपके दिसतात का ते पाहायचं, कारण लाल कोळी ही ज्युनिपरची नेहमीची कीड आहे आणि ती पानं धुरकट करते. मग झाड हळूहळू फिरवत खोडाची रेषा कुठून सर्वांत चांगली दिसते ते ठरवायचं. एकाच जागी फुटलेल्या तीन-चार फांद्यांपैकी एखादी काढायची असेल, तर ती पूर्ण न कापता खुंट ठेवून सोलायची आणि पहिला जिन करायचा; हातात आलेल्या त्या ओल्या, सुगंधी लाकडाने नवशिक्याला मिळणारा आनंद खोटा नाही. आणि तार. अॅल्युमिनियमची तार फांदीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी जाड घ्यायची, पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी लावायची, आणि आधी कापलेल्या फांद्यांवर हात बसवून मगच झाडावर. सालीला न आवळता, पण फांदी पकडून धरेल अशी तार लावता येण्यात एक अख्खी दुपार जाते. ज्युनिपरची फांदी नवा आकार पक्का करायला वेळ घेते. एखाद-दोन हंगाम तार ठेवावी लागते आणि रुतण्याआधी ती तुकडे करून काढावी लागते, उलट फिरवून नव्हे. म्हणजे वर्षभर पाहत राहण्याचं कामही त्याच दुपारी सुरू होतं.

उरला हवामानाचा प्रश्न. ज्युनिपर मुळात थंड, कोरड्या, उघड्या जागांचा रहिवासी. भारतात तो घरचा आहे हिमालयात. लडाखमध्ये तो ‘शुक्पा’ म्हणून पवित्र मानतात आणि धुपासाठी जाळतात. आयुर्वेदात ‘हपुषा’ म्हणून येणारी फळं ज्युनिपरचीच. मग मुंबई-पुण्याच्या गच्चीवर, एप्रिलच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात त्याने का राहावं? हा आक्षेप मी निम्मा स्वीकारतो. कोकणपट्टीच्या दमट उकाड्यात ज्युनिपर मुळीच सुखी नसतो आणि घाटावरही पावसाळा त्याची परीक्षा पाहतो. तिथे जगायचं तर पाणी क्षणात खाली उतरलं पाहिजे: विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू, खडी असं भरड मिश्रण, कोकोपीट अगदी थोडं, कुंडी जमिनीला न टेकवता विटांवर उचललेली. सतत पाऊस लागला तर वर पारदर्शक पत्र्याचा आडोसा. एप्रिल-मेमध्ये सकाळचं ऊन आणि दुपारी जाळीची सावली, कारण पानांपेक्षा कुंडीच्या तापलेल्या भिंतीला लागलेली मुळं आधी भाजतात. घरात, दिवाणखान्यात मात्र कोणत्याही ऋतूत नाही. उघड्या आभाळाखालीच तो जगतो. एवढी तजवीज जमत नसेल त्याने वड, उंबर, चिंच यांच्यापासून सुरुवात करावी, आणि त्यात काही कमीपणा नाही. ती झाडं आपल्या मातीत, आपल्या पावसात वाढतात आणि चटकन बोलतात. ज्याला ज्युनिपरच हवा, त्याला मी शेजारी एक वडही ठेवायला सुचवतो. पंधरा दिवसांत उत्तर देणारं एक झाड समोर असलं की हात त्याच्यावर चालतो आणि ज्युनिपर वाचतो.

झाडाला तार गुंडाळून, कुंडीत कोंबून, साल सोलून आपण त्याचा छळ करतो, असं म्हणणारेही भेटतात. ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तरी नीट सांभाळलेलं बोन्साय उपाशी ठेवलेलं नसतं. त्याला खत, पाणी, ऊन मिळतं आणि मातीही वेळच्या वेळी बदलली जाते. कुंडीत कित्येक दशकं जगलेले ज्युनिपर जपानमध्ये आहेत. छळ होतो तो घाईचा, आणि तो बहुतेक वेळा पहिल्याच महिन्यात, झाड अजून हिरवं दिसत असताना झालेला असतो. म्हणून पहिलं प्रकरण कातरीने सुरू होत नाही. त्यात आधी एक काडी, एक चिमटा, एक पांढरा कागद आणि नर्सरीच्या पिशवीतलं रोप आहे, आणि सुरुवात होते ती बुंध्याभोवतीची वरची इंचभर माती बाजूला करण्यापासून.